अमृतवाहिनी प्रवरा : एका नदीचा इतिहास आणि तिच्या पाण्याचा हिशेब

देव आणि दानव यांनीं समुद्रमंथन करून अमृत मिळविलें आणि तें वांटण्याची वेळ येतांच दोघांत तंटा उभा राहिला, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. प्रवराकांठचे लोक मात्र ती आपल्याच शिवारांत घडली असें सांगतात. विष्णूनें मोहिनीचें रूप घेऊन अमृत वांटलें तें नेवाशास. पंक्तींत चोरून बसलेल्या राहूचें मस्तक पडलें तें राहुरीस. आणि त्याची काया पडली ती गोदावरीपलीकडील कायगांवास! नेवाशाचें मोहिनीराजाचें देऊळ या कथेची साक्ष म्हणून दाखविण्यांत येतें, आणि नदीस 'अमृतवाहिनी' हें नांवही याच समजुतींतून मिळालें आहे. गांवांच्या नांवांच्या या व्युत्पत्ति पंडितांस पटोत वा न पटोत, शेतकऱ्यानें घ्यावयाचें मर्म त्या कथेंत आहेच. अमृत काढण्यासाठीं देवदानव एकत्र आले; भांडण झालें तें वांटणीच्या वेळीं. प्रवरेच्या कांठचा इतिहास पाहिला तर तेथेंही हेंच आढळून येईल. पाणी मिळविण्याचा प्रश्न या खोऱ्यानें वेळोवेळीं मोठ्या हिंमतीनें सोडविला. तें मापानें घेण्याचा व वांटून घेण्याचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाहीं. म्हणून या नदीची हकीकत आमच्या कृषिबंधूंपुढें थोड्या विस्तारानें मांडण्याचें योजिलें आहे.

उगमापासून संगमापर्यंत

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, रतनगड व कुलंग या दोन गडांच्या दरम्यान प्रवरा उगम पावते. रतनगडाच्या पायथ्याशीं रतनवाडी येथें अमृतेश्वराचें जुनें हेमाडपंती वळणाचें देऊळ आहे. त्याचे कोरीव खांब आणि शेजारची पुष्करणी पाहून प्रवासी थक्क होतो. जवळच महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचें, उभें आहे. आषाढ-श्रावणांत येथील प्रत्येक कड्यावरून पाण्याच्या धारा कोसळत असतात, आणि उतारावर बांध घालून तयार केलेल्या खाचरांत महादेव कोळी व ठाकर कुटुंबें भाताची लावणी करीत असतात. वरकस जमिनींत नागली व वरई पिकते.

भंडारदऱ्याच्या खालीं नदी एका अरुंद घळींत शिरते आणि रंधा येथें सुमारें साठ मीटर खोल उडी घेते. पुढें अकोले ओलांडून ती संगमनेरास येते. तेथें तिला म्हाळुंगी मिळते, आणि गांवाचें नांवही संगमावरूनच पडलें आहे. संगमनेरच्या पूर्वेस डोंगर मागें राहतात व काळ्या जमिनीचें सपाट रान सुरू होतें. राहुरीच्या बाजूनें मुळा नदी येऊन मिळते. अशा रीतीनें दोनशें किलोमीटरांच्या आसपास प्रवास करून प्रवरा नेवासें तालुक्यांत टोक्याजवळ, प्रवरासंगम येथें, गोदावरीस भेटते.

या प्रवासांत एक गोष्ट शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत ठेवावी. उगमाकडे घाटघर-रतनवाडीच्या बाजूस वर्षास चार-पांच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आणि तेथून शंभर-सव्वाशें किलोमीटर पूर्वेस श्रीरामपूर-नेवाशाकडे तो पांचशें मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. वर पाणी आहे पण जमीन खडकाळ व उताराची. खालीं जमीन उत्तम पण आभाळ कोरडें. निसर्गानें एकाच खोऱ्यांत केलेल्या या विषम वांटणीला जोडणारा दुवा म्हणजे नदी. प्रवरेचें सारें महत्त्व या एका गोष्टींत आहे.

कांठचे पहिले शेतकरी

संगमनेराजवळ जोर्वे या गांवीं १९५०-५१ सालीं डॉ. ह. धी. सांकळिया व शां. भा. देव यांनीं उत्खनन केलें. तेथें लाल पृष्ठभागावर काळ्या रंगाची नक्षी काढलेलीं, तोटीचीं, वाजवून पाहिलीं असतां खणखणीत आवाज देणारीं मातीचीं भांडीं मिळालीं. आणि तांब्याच्या कुऱ्हाडीही हातीं आल्या. पुढें अशींच भांडीं महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं सांपडूं लागलीं, तेव्हां त्या सर्व संस्कृतीस 'जोर्वे संस्कृति' असेंच नांव देण्यांत आलें. आपल्या देशावरील आद्य कृषकांची संस्कृति प्रवरेकांठच्या एका खेड्याच्या नांवानें जगांत ओळखली जाते, ही या खोऱ्यास अभिमानाची गोष्ट होय.

याहूनही नवल दायमाबादचें आहे. श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेच्या डाव्या तीरावरील हें पांढरीचें टेकाड १९५८ सालीं संशोधकांच्या नजरेस आलें. १९७४ सालीं तेथें एका भिल्ल गृहस्थास झुडुपाच्या बुंध्याशीं खणीत असतां चार ओतीव कांस्यमूर्ति मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. चारींचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरलें. रथास दोन बैल जोडलेले आहेत, हांकणारा उभा आहे, आणि दांडीवर एक कुत्रें उभें केलेलें आहे. ज्या कोणा कारागिरानें ही मूर्ति ओतली त्यानें बैलजोडी जवळून पाहिली होती, हें सांगावयास कोणी पंडित नको. आपल्यापैकीं कोणीही तें एका दृष्टिक्षेपांत ओळखील.

दायमाबादेस इ. स. पूर्वी सुमारें २२०० पासून १००० पर्यंत वस्ती होती. तेथील मातींत जळालेल्या धान्याचे दाणे मिळाले, त्यांत सातू, गहूं, मसूर, वाटाणा, कुळीथ हीं धान्यें ओळखतां आलीं. म्हणजे ज्या काळ्या जमिनींत आज आपण रब्बीची पेर करतों, तींतच तीन-चार हजार वर्षांपूर्वीं रब्बीचीं पिकें निघत होतीं. जोर्वे संस्कृतीच्याच, घोड नदीकांठच्या इनामगांवीं तर पुराचें पाणी वळवून नेणारा पाट व त्यास आधार देणारा बांध यांचे अवशेष सांपडले आहेत. नदीचें पाणी शेताकडे नेण्याची विद्या आपल्याकडे इतकी जुनी आहे.

परंतु इ. स. पूर्वी १००० च्या सुमारास दायमाबाद ओस पडलें. त्यानंतरच्या कांहीं शतकांत जोर्वे संस्कृतीचीं इतर खेडींही एकामागून एक उठलीं. पाऊसमान घटत गेल्यानें शेती न परवडून लोक पशुपालनाकडे व भटकंतीकडे वळले असावेत, असें संशोधकांचें अनुमान आहे. नदी होती तेथेंच होती. पण तिच्या पाण्याचा हिशेब चुकला आणि गांवें मोडलीं. हा धडा जुना असला तरी शिळा झालेला नाहीं.

राज्यें, संत आणि बाजार

ऐतिहासिक काळांत या कांठानें महाराष्ट्राच्या जीवनांत मोठा भाग घेतला. यादव घराण्यांतील दुसरा भिल्लम याचा शके ९२२, म्हणजे इ. स. १०००, मधील ताम्रपट संगमनेर येथें मिळाला आहे. नेवाशास ज्ञानेश्वरमहाराजांनीं शके १२१२ मध्यें गीतेवरील आपलें भाष्य सांगितलें व सच्चिदानंदबाबांनीं तें लिहून घेतलें, अशी परंपरा आहे. ज्या खांबास टेकून महाराज बसत असें मानतात, तो 'पैस' खांब आजही तेथें आहे. मराठी भाषेचा सर्वांत थोर ग्रंथ या नदीच्या कांठीं जन्मास आला, हें एकच कारण तिला वंदन करण्यास पुरेसें आहे. १६७९ सालीं जालन्याची मोहीम आटोपून परततांना छत्रपति शिवाजीमहाराजांच्या सैन्यास मोंगलांशीं संगमनेराजवळच झुंजावें लागलें. पुढें फटका या काव्यप्रकारासाठीं प्रसिद्ध असलेले शाहीर अनंत फंदी हेही संगमनेरचेच.

राजे बदलले, सुभे बदलले, पण कांठच्या लोकांचा नदीशीं असलेला व्यवहार फारसा बदलला नाहीं. पर्वणीस संगमावर स्नान, नदीकांठच्या गांवचा आठवड्याचा बाजार, उन्हाळ्यांत पात्रांत खणलेले झरे, मळईच्या जमिनींत लावलेले कलिंगडाचे व काकडीचे वेल, आणि कांठच्या विहिरींवरील मोटेचें गाणें : अशी ती राहणी होती. विहीर-बागाइताची मर्यादा बैलांच्या शक्तीनें ठरत असे. त्यामुळें पाणी थोडें मिळे. पण जमीनही कधीं बिघडत नसे.

दुष्काळ, धरण आणि कारखाना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रवरेवर ओझर व लाख येथें बंधारे बांधून छोटे कालवे काढण्यांत आले. परंतु त्यांत पाणी असे तें नदी वाहती असेपर्यंतच. १८७६-७७ आणि १८९९-१९०० या सालच्या भयंकर दुष्काळांनीं नगर जिल्ह्याची दैना उडविली, आणि पावसाचें पाणी डोंगरांतच सांठविल्याविना गत्यंतर नाहीं हें सर्वांस पटलें. १९१० सालीं भंडारदऱ्यास दगडी धरणाचें काम सुरू झालें व १९२६ च्या डिसेंबरांत मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्‌घाटन झालें. धरणाची उंची ८२ मीटर असून तें त्या काळीं देशांतील सर्वांत उंच धरणांपैकीं एक होतें. सांठा सुमारें ११ अब्ज घनफूट. हें पाणी नदीच्याच पात्रांतून खालीं येतें, ओझरच्या बंधाऱ्यांत अडतें आणि डाव्या व उजव्या कालव्यांनीं संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या बाजूंच्या शेतांत जातें. १९६९ सालीं धरणाच्या भिंतीस भेगा पडून गळती लागली, तेव्हां मागील बाजूनें टेकूच्या भिंती बांधून तें बळकट करण्यांत आलें.

कालव्याचें पाणी आलें, त्याबरोबर ऊंस आला. पहिल्या लाटेंत खाजगी कंपन्यांनीं जमिनी खंडानें घेऊन कारखाने काढले; हरेगांवचा बेलापूर कंपनीचा कारखाना त्यांतलाच. ज्याची जमीन त्याच्या हातीं खंड, आणि साखरेचा नफा दुसऱ्याच्या पदरीं, असा तो प्रकार होता. यांतून मार्ग काढला तो लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनीं. डॉ. धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या मार्गदर्शनानें प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें पहिलें गाळप झालें. प्रारंभीं त्याचे अध्यक्ष डॉ. गाडगीळ हे होते. गांवोगांव हिंडून, शेतकऱ्यांच्या घरांतून थोडी थोडी रक्कम गोळा करून भागभांडवल जमविलेल्या या कारखान्यानें महाराष्ट्रांतील सहकारी साखरधंद्याचा पाया घातला. नदीनें पाणी दिलें, पण त्याचें धन शेतकऱ्याच्या घरीं ठेवण्याचें काम सहकारानें केलें, हें विसरून चालणार नाहीं.

अति पाण्याचा शाप

येथपर्यंतची कथा गौरवाची झाली. आतां दुसरी बाजू सांगितली पाहिजे. कालव्याखालील ज्या काळ्या भारी जमिनींनीं प्रारंभीं भरघोस ऊंस दिला, त्यांतील कित्येक पुढें पाणथळ व चोपण झाल्या. कारण सरळ आहे. काळ्या जमिनींतून पाण्याचा निचरा फार सावकाश होतो. पाटाचें पाणी गरजेपेक्षां अधिक दिलें कीं खालच्या पाण्याची पातळी वर चढते. त्याबरोबर जमिनींतील क्षार विरघळून वर येतात. उन्हानें पाणी उडून जातें आणि क्षार मागें राहतात. बांधाच्या कडेला पांढरी लोणी फुटूं लागली कीं समजावें, जमीन बोलूं लागली आहे. पुढें ऊंसाचें बेट विरळ होतें, गहूं पिंवळा पडतो आणि शेवटीं तेथें कुसळी गवतावांचून कांहीं उगवत नाहीं. मोटेच्या काळांत ज्या जमिनीनें सात पिढ्या पोसल्या, ती एका पिढींत अशी निकामी व्हावी, यासारखें दुर्दैव नाहीं.

यावर उपाय नाहींत असें नाहीं. पहिली गोष्ट निचऱ्याची : शेताच्या उताराच्या बाजूनें खोल चर काढून तो ओढ्यास वा नाल्यास जोडावा. हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे. वरच्यानें काढलेला चर खालच्यानें बुजविला तर दोघांचेंही नुकसान होतें. दुसरी गोष्ट माती-परीक्षणाची : जमीन नुसती खारवट आहे कीं चोपण, हें तपासल्यावांचून खर्च करूं नये. चोपण जमिनीस जिप्सम लागतें, तर खारवट जमिनीस चांगला निचरा व गोड्या पाण्यानें क्षार धुऊन काढणें एवढेंच पुष्कळदा पुरतें. राहुरीस १९६८ पासून महात्मा फुले कृषि विद्यापीठ आहे. आपली माती तेथील तज्ज्ञांस दाखविण्यांत संकोच कसला? तिसरी गोष्ट धैंचा अगर ताग यांचें हिरवळीचें खत व भरपूर शेणखत. आणि चौथी, जी वास्तविक पहिली म्हणावयास पाहिजे, ती पाणी कमी देण्याची. ठिबक पद्धतीनें ऊंसास मोकाट पाटपाण्याच्या मानानें पुष्कळ कमी, बहुधा निम्म्याच्या आसपास पाणी पुरतें, आणि उत्पन्न घटत नाहीं. पाण्याचा आकार क्षेत्रावर असल्यामुळें 'पैसे तेच, मग पाणी जास्त घेऊं' अशी जी सवय जडली, तिची किंमत आज जमीन मोजीत आहे.

शेवटच्या शेतकऱ्याचा हक्क

पाणथळ जमिनीवर एक शेतकरी पाण्यानें त्रस्त, आणि त्याच खोऱ्यांत दुसरा पाण्यावांचून त्रस्त, ही प्रवरेची सर्वांत दुःखद विसंगति होय. संगमनेर, राहाता, कोपरगांव, सिन्नर या बाजूंचीं कोरडीं गांवें कालव्याची वाट पाहत राहिलीं. त्यांच्यासाठीं भंडारदऱ्याखालीं निळवंडें येथें सुमारें ८.३२ अब्ज घनफुटांचें धरण झालें. या योजनेचा आरंभ १९७० चा. डाव्या कालव्यांत चांचणीचें पाणी सुटलें तें मे २०२३ मध्यें, आणि त्याच वर्षीं २६ ऑक्टोबर रोजीं त्याचें लोकार्पण झालें. त्रेपन्न वर्षें! ज्यांनीं तरुणपणीं कालव्याच्या आंखणीचे दगड रोवतांना पाहिले, त्यांतील किती जण पाणी पाहण्यास उरले असतील?

आतां याच नदीवर खालून दुसरी मागणी आहे. प्रवरेचें पाणी गोदावरींतून पैठणच्या जायकवाडी धरणांत जातें. तें १९७६ सालीं पुरें झालें. वरच्या अंगास धरणें वाढलीं, तसें तुटीच्या सालीं जायकवाडी भरेनासें झालें. २००५ च्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानें खोऱ्यांतील तूट सर्वांनीं सारखी सोसावी असें तत्त्व घातलें, आणि त्याप्रमाणें २०१४, २०१५, २०१८ व २०२३ या सालीं वरच्या धरणांतून पाणी खालीं सोडण्यांत आलें. प्रत्येक वेळीं वादंग माजलें. वरचा शेतकरी म्हणतो, आमचीं उभीं पिकें वाळतील. खालचा म्हणतो, आमच्या गुरांस प्यावयास पाणी नाहीं. दोघेही खरेंच बोलतात. कोरड्या पात्रांतून सोडलेलें पाणी वाटेंत मुरतें व उपसलेंही जातें, हेंही खरें.

परंतु या भांडणांत एक प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतों. मराठवाड्याशीं वाद घालतांना जो शेतकरी 'खालच्याचा हक्क' मानावयास तयार नसतो, तोच आपल्या चारीच्या शेवटास असला तर वरच्या भाऊबंदाविरुद्ध तोच हक्क सांगतो. आणि जो चारीच्या तोंडाशीं आहे, तो रात्रीं दार उघडून पाणी फोडतो, त्या वेळीं त्यास खोऱ्याचा न्याय आठवत नाहीं. पाळी शेवटच्या शेतापासून सुरू करून वर यावयाची, ही शेजपाळीची रीत आपल्याकडे नवी नाहीं. धुळें-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीनें गांवकऱ्यांनीं शतकानुशतकें पाणी वांटून घेतलें, तेंही सरकारी शिपायावांचून. आज कायद्यानेंच पाणीवापर संस्थांस मोजून पाणी देण्याची सोय २००५ पासून केलेली आहे. उणीव आहे ती आपल्या एकजुटीची.

नदीचें सौंदर्य कोणाचें?

हल्लीं भंडारदऱ्यास प्रवासी लोकांची रीघ लागते. पावसाळा ओसरला कीं रंधा धबधबा मात्र पुष्कळदा मुका असतो. धरणांतून पाणी सुटेल तेव्हांच तो बोलतो. खालच्या अंगास तर नदीचें रूप पाहवत नाहीं. पात्रांतील वाळू उपसून नेल्यानें खडक उघडे पडले. वाळू म्हणजे पाणी धरून ठेवणारी नदीची गादी. ती गेली कीं पूर आल्यापावलीं निघून जातो व कांठच्या विहिरींस पाझर राहत नाहीं. वाळूचा ट्रक भरून देणारा पुष्कळदा आपल्याच गांवचा असतो, आणि विहीर आटली म्हणून कपाळाला हात लावणाराही आपल्याच गांवचा.

नदीचें सौंदर्य ही केवळ शहरवासीयांच्या करमणुकीची बाब आहे असें समजणें चूक होय. भरलेली वाळू, कांठावरचीं करंज-जांभळीचीं झाडें, स्वच्छ डोह, उन्हाळ्यांतही ओलावा धरणारें पात्र, हीं सारीं निरोगी नदीचीं लक्षणें आहेत. जी नदी पाहण्यास सुंदर, तीच शेतीस उपयोगी. आमच्या वाचकांनीं आपल्या गांवच्या ओढ्यापाशीं जाऊन हें पडताळून पाहावें.

शेवटीं पुन्हां त्या कथेकडे वळूं. राहूनें अमृत चोरलें, पण तें त्याच्या गळ्याखालीं उतरण्यापूर्वींच त्याचें मस्तक तुटलें. पाळी सोडून घेतलेलें अमृत त्यास पचलें नाहीं. प्रवरेकांठच्या पाणथळ जमिनी पाहिल्या म्हणजे या कथेचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. येत्या हंगामांत प्रत्येक गांवानें एवढें तरी करावें : आपल्या चारीच्या शेवटच्या शेतकऱ्यास पहिल्या पाळीस पाणी पोहोंचलें कीं नाहीं, हें सर्वांनीं मिळून जाऊन पाहावें. तें पोहोंचलें असेल तर बाकीचा हिशेब बसविणें अवघड नाहीं. आणि पोहोंचलें नसेल तर धरणें कितीही बांधलीं तरी अमृताचा तंटा मिटणार नाहीं.